पट्टीचे तीनशे रुपये: तालुक्यातल्या घरपोच ड्रेसिंग सेवेबद्दल

आधी मार्क सांगून टाकते, पाचपैकी चार. एक मार्क जिन्याचा कापला, त्याचं पुढे येईलच. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या खेड्यापाड्यांत कुणाच्या घरी हाडाचं ऑपरेशन झालेलं माणूस असेल आणि टाके निघेपर्यंत पट्टीचं कसं करायचं हा घोर लागला असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी गावात किराणा दुकान चालवते. नर्स नाही की डॉक्टर नाही. पण दिलेल्या पैशात काय मिळालं, एवढं मला बरोबर सांगता येतं.

सेवा अशी आहे. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक सिस्टर आणि त्यांच्या हाताखालचा एक मुलगा. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली आहे. तिथे गेलं तर पट्टीचे दीडशे, घरी बोलावलं तर तीनशे, आणि गाव लांब असेल तर पेट्रोलचे वेगळे. गॉज, पट्टी, हातमोजे त्यांचेच. शुगर तपासायची पट्टी वापरली तर तिचे पैसे वर. आमच्या गावात एक कंपाउंडर शंभर रुपयांत घरी येऊन पट्टी करतो, त्यामुळे तीनशे ऐकून आमच्या घरात पहिल्यांदा नाकं मुरडली गेली. मीही मुरडलं. वर्ध्याला नेऊन आणायचं म्हटलं तर गाडीचंच भाडं केवढं होतं ते मग हिशेबाला धरलं, आणि गप्प बसले.

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गाडी श्रावणात पांदण रस्त्यावर घसरली. नडगीचं हाड घोट्याच्या वर तुटलं. वय सत्तरीला टेकलेलं, शुगर जुनी, वजन पंचावन्न किलो, गळ्यात तुळशीची माळ. १०८ वेळेवर आली, वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात भरती झाली, आणि तिथे आठवडाभराहून जास्त ऑपरेशनच केलं नाही. पाय सुजून भोपळा झाला होता, त्यावर पाण्याचे फोड. बाहेरून सळया लावून पाय उंच टांगून ठेवला. भेटायला येणारा जो तो म्हणे, बिल वाढवायला ठेवून घेतलं. डॉक्टर मात्र रोज येऊन कातडी चिमटीत धरून पाहायचे आणि म्हणायचे, सुरकुत्या पडू द्या. नडगीच्या समोरच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड असतं, मधे मांस जवळपास नाहीच. ताणलेल्या, सुजलेल्या कातडीवर चिरा दिला तर टाके घातले तरी कडा जुळत नाहीत, त्या काळ्या पडतात आणि आतली प्लेट उघडी पडते. सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसल्या की मग चिरा देतात. हे सगळं मला सिस्टरनी नंतर सांगितलं. दवाखान्यात एवढं सांगायला कुणाला फुरसत नव्हती. प्लेट बसली, वरून कातडीला टाक्यांच्या पिना मारल्या आणि डिस्चार्ज कार्डावर ‘ड्रेसिंग घरी’ असे दोन शब्द लिहून आम्हाला घरी पाठवलं.

पहिल्या दिवशी सिस्टर आल्या त्या पट्टीला हातच लावेनात. ओट्यावर बसल्या, डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट मागितले आणि चौकशी सुरू. सकाळची शुगर किती? काल दिवसभरात काय काय खाल्लं, चहा धरून? तंबाखू? गुडघ्यासाठी वगैरे कोणती पुडी चालू आहे का? घरात कुणाला सिकलसेल आहे का? हा शेवटचा प्रश्न विदर्भात त्या सगळ्यांनाच विचारतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याच्या माणसाला घोट्याजवळ आधीच न भरणाऱ्या जखमा होतात, म्हणून. मामाजी वैतागले. “पट्टी सोडाले आली का जनगणनेले?” सिस्टर हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “बाबाजी, पट्टी मी पाच मिनिटांत करून देतो. जखम भरते ते बाकीच्या तेवीस तासांत.”

मग स्वतःच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पंखा बंद करायला लावला, खाटेजवळची शेळी बाहेर बांधायला लावली, आणि मला मधे मधे हात घालू नको म्हणाल्या. पट्टी उघडल्यावर जखमेकडे बघायच्या आधी पायाची बोटं बघितली. अंगठ्याचं नख दाबून सोडलं, गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, बोटं हलवायला सांगितली. पोटरीचा घेर टेपने मोजून वहीत लिहिला. पोटरी एकाएकी सुजली तर आत रक्ताची गाठ झालेली असू शकते, ती जखमेपेक्षा घातक. हाताची मागची बाजू जखमेच्या दोन्ही कडांना लावून कुठे गरम लागतं का ते पाहिलं. खालच्या टोकाला थोडी लाली होती, तिच्या भोवती पेनाने रेघ मारली. लाली रेघेच्या आत राहिली तर ठीक, बाहेर सरकली तर फोन. एवढी साधी गोष्ट, पण घरातल्या पोरालासुद्धा कळली. रोज सकाळी तो आजोबांची रेघ तपासायला जायचा.

जखम सलाईनने पुसली, कोरडी केली, नवी पट्टी बांधली, आणि म्हणाल्या आता तीन-चार दिवस बोलावू नका. मी म्हटलं, रोज नको? आमचा कंपाउंडर तर रोज उघडून वर फेस येणारं औषध ओततो. त्यांचं म्हणणं असं की टाक्यांची जखम एक-दोन दिवसांत वरून मिटते, त्यानंतर ती कोरडी असेल तर रोज उघडण्यात काही राम नाही. उलट दर वेळी उघडताना हात लागतो, धूळ लागते. आणि ते फेसाचं औषध जंतूंबरोबर नवी येणारी कातडीही जाळतं. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच कमी करणारी बाई मी धंद्यात पहिल्यांदा पाहिली. तीनशे रुपये तिथेच वसूल झाले असं माझं मत आहे.

शुगरवर त्यांनी फार डोकं खाल्लं आणि ते बरोबरच होतं. उपाशीपोटी दोनशेच्या वर यायची. रक्तात साखर जास्त असली की जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद पडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त नीट पोचत नाही, आणि नवी कातडी विणणारा कोलाजेन नावाचा धागा कच्चा निघतो. ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत तरी साखर दोनशेच्या खाली हवीच, असं त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आता आमच्या घरी श्रावण. सोमवार, एकादशी, त्यात भेटायला येणाऱ्यांचा शिरा आणि पेढे. उपासाला साबुदाण्याची उसळ, म्हणजे नुसता स्टार्च. साखर वर आणि पोटात जखमेच्या कामाचं काहीच नाही. मामाजी उपास सोडणार नाहीत हे सिस्टरनी ओळखलं आणि सोडा असं म्हटलंही नाही. साबुदाणा बंद, त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, दही, पनीर, राजगिरा. इन्शुलिन आणि गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना फोन करून उपासाच्या दिवसासाठी बदलून घ्यायला लावल्या. ते त्यांनी स्वतःच्या मनाने ठरवलं नाही, हे मला आवडलं.

खरी भांडणं झाली ती वरणावरून. आमच्याकडे पक्की समजूत आहे की टाके असताना वरण, दही, आंबट खाल्लं की जखम पिकते. शेजारच्या काकू रोज येऊन सांगायच्या, “त्याईले वरन नोको देऊ वं माय, पाय पिकन.” दवाखान्यातून आल्यापासून मामाजी भाकर आणि मुगाच्या पाण्यावर होते. सिस्टरनी रिपोर्टमधला अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, आकडा बोटाने दाखवला: ३.१. तो ३.५ च्या खाली गेला की माणूस आतून खंगलेला धरतात आणि त्याची जखम उशिरा भरते, असं त्यांनी सांगितलं. पू होतो तो जंतूंमुळे, वरणाने नाही. नवी कातडी, नवं मांस, हाडाचा सांधा, सगळं प्रथिनांतून उभं राहतं. जखम भरत असताना किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मामाजींना सत्तर-ऐंशी ग्रॅम. ज्याची किडनी बिघडलेली आहे त्याने मात्र हा आकडा डॉक्टरला विचारूनच धरावा.

आता माळकऱ्याला अंडं चालत नाही. सत्तर ग्रॅम आणायचे कुठून? सिस्टर माझ्या दुकानात शिरल्या आणि कपाटांवर बोट दाखवत गेल्या. सोयाबीनच्या वड्या, शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासच्या आसपास. शेंगदाणे पंचवीस. हरभरा वीस. दुधाच्या एका ग्लासात सहा-सात. गंमत पाहा, आमच्या चार एकरांत सोयाबीन पिकतं, ते पोत्यांनी बाजारात जातं, आणि घरात त्याचा एक दाणा शिजत नाही. त्या आठवड्यापासून वड्यांची भाजी, घट्ट तुरीचं वरण, संध्याकाळी उकडलेले हरभरे. वर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्व नसेल तर कोलाजेन जमत नाही. संत्र्यांचा हंगाम नव्हता, नाहीतर आपल्याकडे त्याला काय तोटा. काकूंनी आठ दिवस आमच्या घरी पाऊल टाकलं नाही.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला. यावर मला जास्त लिहायचं नाही, कारण लिहायला बसले की राग येतो. आमच्या दुकानात मी ठेवत नाही, पण समोरच पानठेला आहे आणि पानठेलेवाला मामाजींचा दोस्त. “बिडी त म्या कधीचीच सोडली. खर्र्याचा कुठं धूर निघते?” सिस्टरनी सांगितलं की धूर निघो न निघो, निकोटिन रक्तात जातंच, बारीक रक्तवाहिन्या आवळतंच, आणि जिथे आधीच रक्त कमी पोचतं त्या घोट्याला आणखी कमी पोचतं. कातडी तर सोडाच, हाडही उशिरा जुळतं. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर निदान चार आठवडे आधी तंबाखू बंद करायला सांगतात. आमचं ठरवून नव्हतं, म्हणून निदान आता तरी. मामाजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी उशीखाली पन्नीत घोटलेला खर्रा सापडला. सिस्टर पानठेल्यावर स्वतः गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण दोस्ताने नंतर खर्रा पाठवला नाही. पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. कमी झाला.

गुडघ्याच्या पुडीचं प्रकरण त्याहून गंभीर निघालं. बाजारातल्या एका माणसाकडून मामाजी वर्षभर ‘जडीबुटी’ची पुडी आणायचे, खाल्ली की तासाभरात गुडघा मोकळा. सिस्टरनी ती हातात घेऊन विचारलं, भूक वाढली होती का, चेहरा सुजायचा का? दोन्ही हो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. त्याने दुखणं लगेच थांबतं, पण साखर चढते आणि जखम भरायची थांबते. बरेच दिवस घेतलेलं असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. म्हणून त्यांनी पुडी फेकून दिली नाही, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला पाठवली. दवाखान्यात भरती करताना हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, गोधड्यांची घडी करून. ओट्यावर पाय लोंबकळत ठेवून गप्पा मारल्या की संध्याकाळी घोटा फुगतो आणि सूज टाक्यांना आतून ताणते. मामाजींना झोपून गप्पा मारणं जमेना, तर खाटच ओट्यावर आणली. प्रश्न मिटला.

पिना काढून झाल्यावर आम्हाला वाटलं संपलं. सिस्टर म्हणाल्या, तीन आठवडे झाले तरी त्या कातडीत मूळ ताकदीच्या निम्मीसुद्धा नसते, आणि महिने गेले तरी साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही, तेव्हा जपा. आणि झालंही तसंच. खालच्या टोकाला जखमेची कड थोडी उघडली, पाणी झिरपायला लागलं, लाली रेघेच्या बाहेर गेली. मी फोटो पाठवला. कंपाउंडर म्हणाला होता, पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स देतो, सुकून जाईल. सिस्टर आल्या, बघितलं, आणि सरळ म्हणाल्या, “गोळी मी देत नाही आणि तुम्ही पण देऊ नका. आज संध्याकाळच्या आत डॉक्टरले दाखवा.” कारण आत प्लेट आहे. जंतू धातूवर बसले की पाण्याच्या टाकीतल्या शेवाळासारखा चिकट थर धरतात, मग औषध आतपर्यंत पोचत नाही. आणि नमुना घ्यायच्या आधी गोळ्या पोटात गेल्या तर तपासणीत जंतू सापडत नाही, मग कोणतं औषध चालेल हेही कळत नाही. प्लेट बसवल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत आत पू झाला तर तो ऑपरेशनचाच धरतात, त्यामुळे दवाखान्याने ‘हे आमचं नाही’ म्हटलं तर ऐकून घेऊ नका, असंही त्यांनी गाडीत बसवताना सांगून ठेवलं.

डॉक्टरांनी जखम थोडी उघडून धुतली, आतला नमुना घेतला, मग औषध सुरू केलं. प्लेट वाचली. पुढे काही आठवडे पट्टी चालली, ती सिस्टरनीच केली.

आता तक्रारी. खोली झेरॉक्सच्या दुकानावर आहे आणि जिना उभा, अरुंद, कठडा एकाच बाजूला. तिथे येणारे बहुतेक पेशंट पाय मोडलेले किंवा खुबा बदललेले. एका आजीबाईला तिच्या दोन मुलांनी खुर्चीसकट वर चढवताना मी पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. खाली जागा घ्या म्हटलं तर भाडं परवडत नाही म्हणतात. मग खाली ओट्यावर बाक टाकून पट्टी करा ना. हाच तो कापलेला मार्क.

हाताखालचा मुलगा चिकटपट्टी ओढून काढतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते. मामाजींची दोनदा सोलली, म्हणजे एका जखमेची दुसरी जखम. सिस्टर स्वतः आल्या की पाण्याने भिजवून, कातडीला दुसऱ्या हाताने धरून हळू काढतात. त्याला शिकवतील असं म्हणाल्या. पावती मागितली तर मिळते, पण मागावी लागते. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, आणि त्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटतं: रात्री ताप, थंडी, जखमेतून रक्त किंवा पू, पोटरीत कळ, असं काही असेल तर पट्टीवाल्याला फोन करायचाच नाही, १०८ ला करायचा.

कुणी जाऊ नये? हाड उघडं पडलेली ताजी जखम असेल, शेतातली माती-शेण आत गेलेलं असेल, तर इथे वेळ घालवू नका. तिथे पहिल्या काही तासांत अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि आतून धुणं लागतं, ते सेवाग्राम, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यांत किंवा जिल्हा रुग्णालयातच होतं. ज्याची जखम कोरडी आहे, शुगर नाही, जेवण बरं आहे, त्याला तर तीनशे रुपयांची गरजच नाही. गावातली एएनएम ताई, म्हणजे सरकारी नर्स, फुकट बघून जाते. शुगरवाला, म्हातारा, तंबाखूवाला, आत प्लेट किंवा सांधा बसवलेला, अशांसाठी मात्र मी हीच सेवा सांगेन.

बोलावताना डिस्चार्ज कार्ड, सगळे रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या एकूण एक गोळ्या-पुड्या एका पिशवीत तयार ठेवा, घरचं ग्लुकोमीटर असेल तर तेही, म्हणजे शुगरच्या पट्टीचे वेगळे पैसे लागत नाहीत. रविवारी बंद असतं. पोळ्याला आणि तान्ह्या पोळ्यालाही बंद होतं, तेव्हा सणावाराची पट्टी आदल्या दिवशीच ठरवून घ्या.